न्हाणीमागची कोरफड

कोरफडीचं पान अंबूबाईंनी नुसतं उचलून बघितलं, तर ते बुडापासून सुटून त्यांच्या हातातच आलं. खालचा भाग मऊ, तपकिरी, आणि वास असा की नाकाला पदर लावावा लागला. त्यांनी दुसऱ्या पानाला हात लावला. तेही आलं. तिसऱ्याला हात लावायची काही त्यांची छाती झाली नाही.

आणि हे नेमकं आज व्हावं. आज शालनचं, त्यांच्या एकुलत्या एक सुनेचं डोहाळजेवण. दारात मांडव पडलेला, पुरणाची डाळ चुलीवर चढलेली, आणि शालनचे आईबाप आटपाडीहून पहिल्या गाडीत बसलेसुद्धा असणार. विहीणबाई मांडवात टेकल्या टेकल्या काय विचारतील हे अंबूबाईंना पक्कं ठाऊक होतं. माझी कोरफड कशी आहे, हेच.

"आवं, हिकडं या जरा," त्यांनी न्हाणीच्या भिंतीआडून हाक मारली.

हंबीरराव अर्ध्या गालाला साबण लावलेले, हातात दाढीचा मग, तसेच आले. पलटणीतून पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली तरी दाढी उगवतीला करायची सवय काही सुटली नव्हती.

"काय झालं?"

"कोरफड चालली."

"कुटं?"

"कुटं म्हंजे? डोळं हायत का न्हाईत तुमाला?"

हंबीररावांनी वाकून बघितलं. मान हलवली. "पानी कमी पडलं असंल."

"रोज आंगुळ झाली की तांब्याभर घालती मी. एक दिस चुकवला न्हाई."

हंबीरराव जरा घुटमळले. "घालतो तर मी बी की. दाढी झाल्यावर. म्हटलं, सुनंच्या म्हायेरचं झाड हाय, तुज्या ध्यानात ऱ्हातंय का न्हाई कुनास ठाऊक."

एवढ्यात गुंडा, हंबीररावांचा धाकटा भाऊ, खांद्यावर खोरं टाकून परड्यातून आला. गुंडाचं लग्न उसाशी लागलं होतं असं भावकीतले लोक म्हणत. उसाला पाण्याची दारं धरावीत तर त्यानंच. "वैनी, न्हाणीचा पाट मी वळवलाय की तिकडं," तो म्हणाला. "केळीपास्नं जरा फोडून घेतलाय. पोरीच्या आयनं दिल्याली वस्तू, वाळाय नगं."

तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तिघांचं पानी पिऊन बी ही वाळती म्हंजे," हंबीरराव म्हणाले, "जमिनीतच खोट असनार."

"मूठभर युरिया टाकू का?" गुंडानं विचारलं.

अंबूबाई दोघांवर खेकसल्या आणि कामाला लावलं. त्या पाठमोऱ्या झाल्या तसा हंबीररावांनी मगातलं पाणी सवयीनं कोरफडीच्या बुडात ओतलं. गुंडानं ते पाहिलं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता कोरफड ती काय, बांधावर उगवते, कुणी लक्ष देत नाही. पण ही तशी नव्हती. शालन लग्न होऊन आली तेव्हा एका फुटक्या घमेल्यात मुरूम घालून लावलेली ही कोरफड मांडीवर घेऊन आली होती. आटपाडीच्या घरी राहीबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या दारात हिची आई होती, आणि तिचीही आई राहीबाईंच्या माहेरी. लेक सासरी निघाली की बुडाशी फुटलेलं पिल्लू काढून द्यायचं, अशी त्यांच्यात रीत. भाजलं, कापलं, पोराला खोकला झाला, की घरातलं पान. भावकीतल्या बायका घमेल्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. अंबूबाईंना ते हसणं फार लागलं. सून त्यांची, तिची वस्तूही त्यांची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घमेल्यातला मुरूम उकिरड्यावर ओतला आणि कोरफडीला घरातली सगळ्यात चांगली जागा दिली. न्हाणीच्या मागं, जिथं केळी आणि अळू माजतात तिथं. वर मळ्यातली काळी माती आणि पाटीभर शेणखत.

तेव्हा शालन हळूच म्हणाली होती, "आत्ती, तिला पानी लय नगं आसतंय."

आणि अंबूबाई हसून म्हणाल्या होत्या, "आगं, आमच्याकडं कशाला काय कमी हाय? लाजायचं न्हाई हितं."

शालन हसली आणि गप्प बसली. कोरफड पहिले काही महिने अशी फुगली की अंबूबाईंनी हसणाऱ्या बायकांना मुद्दाम हाताला धरून आणून दाखवली. अंबूबाईंचं प्रेम हे असं होतं. ज्याच्यावर बसेल त्याला जेवू घालून, न्हाऊ घालून, पांघरूण घालून बेजार करायचं. त्यांचा मुलगा, शालनचा नवरा कृष्णात, पलटणीत भरती झाला तेव्हा त्याच्या ट्रंकेत त्यांनी इतके लाडू भरले होते की ट्रंक लागेना आणि हंबीररावांना वर बसावं लागलं.

---

पाव्हणे आले ते उन्हं तापायच्या आत. नेहमी पाय धुवायला न्हाणीकडं नेतात, पण आज अंबूबाईंनी मांडवातच बादली आणि तांब्या मांडून ठेवला होता.

राहीबाई बारीक अंगाच्या, उन्हानं रापलेल्या, बोलणं कमी. पिशवीतनं हुलगं, मटकी, घरच्या बागेतली डाळिंबं काढून त्यांनी अंबूबाईंच्या पुढ्यात ठेवली. मग तांब्या घेतला. अर्ध्या तांब्यात तोंड, हात, पाय, तिन्ही धुतलं आणि उरलेलं अर्धं पाणी मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीच्या बुडात ओतलं.

"घ्या की आनकी, बादली भरल्याली हाय," अंबूबाई म्हणाल्या.

"झालं की," राहीबाई म्हणाल्या. "शाले, बारीक झालीस गं. माजी कोरफड कुटं लावलीया?"

शालननं आत्तींकडं बघितलं. अंबूबाईंनी केळीकडं बघितलं. "हाय की, झकास हाय. आदी च्या घ्या. मग ओटी भरायची हाय, बायका खोळंबल्यात. सावकाश बगा."

राहीबाईंनी एकवार लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

डोहाळजेवण झकास झालं यात शंका नाही. शालन हिरव्या लुगड्यात, मोगऱ्याच्या वाडीत अशी दिसत होती की अंबूबाईंनी तिच्या कानामागं दोनदा काजळाचं बोट लावलं. झाकलेल्या वाट्यांपैकी एक उचलायला सांगितली तेव्हा तिनं बर्फीची उचलली आणि बायकांनी पोरगी, पोरगी म्हणून गलका केला. अंबूबाई सगळ्यांत जोरात. त्यांना पोरगीच हवी होती. या घरात त्या आल्या तेव्हापासून सासरा, नवरा, दीर, मुलगा. जेवायला बसलं की ऊस, तोडणी, कारखाना, मोटार जळली, पाण्याची पाळी कुणाची. बोलणं ऐकून ऐकून त्यांना वाटायचं, आपल्यालाही एक दिवस कांड्या फुटतील. शालन आली आणि घरात दुसरं बोलणं आलं. दुपारी दोघी निवडत बसायच्या, शालन त्यांच्या केसांना तेल लावायची, आटपाडीच्या गमती सांगायची, आणि अंबूबाई हसून हसून सूप हलवायची विसरायच्या.

म्हणून त्यांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण शालनचं इथंच करायचं. लोकांना सांगायला कारण तयार होतं, आणि तेही खोटं नव्हतं. लग्नाला आटपाडीला गेल्या तेव्हा त्यांनी पाय धुवायला आख्खी बादली ओतली होती, आणि मागून कळलं, ते घरातलं सांजपर्यंतचं पाणी. टँकर आला तेव्हा बायका हंडे घेऊन कशा पळत सुटल्या ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तिथं बाळंतिणीचं न्हाणं, बाळाची अंघोळ, दुपटी धुणं, हे सगळं व्हायचं कसं? महिन्यामागं शालननं विषय काढलाही होता. "आत्ती, पयलं बाळंतपण आयेकडं आसतंय नव्हं?" आणि अंबूबाई म्हणाल्या होत्या, "आगं, आमच्याकडं कशाला काय कमी हाय?"

शालन हसली होती आणि गप्प बसली होती.

---

जेवणं झाली, भावकीतल्या बायका पांगल्या. सोप्यात घोंगड्यावर चौघं बसली, उंबऱ्याजवळ अंबूबाई. शालन आतल्या चौकटीला टेकून उभी होती. नानासोंनी, शालनच्या वडिलांनी, सुपारी कातरत विषयाला हात घातला.

"मग पाव्हणं, सकाळच्याला निगावं म्हंतो. ऊन व्हायच्या आत विटा गाठला म्हंजे पोरीला तरास न्हाई."

"आजच आलाय, लगीच निगायचं?" अंबूबाई म्हणाल्या. "ऱ्हावा की चार दिस. शालन कुटं जातीया?"

नानासोंचा अडकित्ता थांबला. "म्हंजे?"

अंबूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. हंबीरराव खाकरले. आदल्या रात्री अंबूबाईंनी त्यांच्याकडून हे सगळं पाठ करून घेतलं होतं. "त्याचं काय हाय, पाव्हणं. हितनं सांगली जवळ. विश्रामबागेत डॉक्टरीन बगून ठिवलीया, लय हुशार. येळ आली तर तासाभरात दवाखाना. म्हनून म्हटलं, हितंच करू."

"आटपाडीत बी दवाखाना हाय," नानासो म्हणाले.

"दवाखान्याचं न्हाई वो," अंबूबाई म्हणाल्या. "पान्याचं काय?"

गुंडानं पाय आवरून घेतले.

"पानी येतंय की," राहीबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "टँकर येतोय. हीर बी हाय खालच्या अंगाला, पाझर हाय तिला."

"टँकरवर बाळंतीन न्हायाची? ह्या वैशाखात?"

"शालन वैशाखातच झालीया. तिचा भाऊ बी. दोगं बी न्हायली-धुतली, आन शालन तुमच्या घरात नांदाय आली."

हे बोलणं अंबूबाईंच्या जिव्हारी लागलं. हंबीररावांना वाटलं आपण मध्ये पडावं. त्यांचा स्वभाव सरळ, पलटणीत अडचण आली की गाडी काढायची.

"आसं करूया," ते म्हणाले. "जाऊंदे पोरगी. आपला ट्रॅक्टर हाय. पान्याची टाकी भरून गुंडा आठवड्याला आटपाडीला टाकून यील. काय रं गुंडा? झालं, मिटलं."

त्यांना वाटलं, फार मोठं बोललो. नानासोंनी सुपारीचं तबक बाजूला सारलं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मी लेक न्याया आलोय. पानी मागाया न्हाई."

हंबीरराव एकदम लहान झाले. "तसं न्हवं वो नानासो, मी आपलं," एवढंच म्हणून त्यांनी मिशीला हात लावला. मग बायकोकडं न बघता म्हणाले, "न्हेऊंदे की गं त्यास्नी. रीतच हाय ती."

"तुमी आत्ता काय बोलला, आन आता काय बोलताय?" अंबूबाई म्हणाल्या. "रीत मला म्हाईत न्हाई व्हय?"

"वैनी, जाऊंद्या तिला," गुंडा खाली बघत म्हणाला. "आयेकडं जावं वाटतंय आसंल."

"तुला काय कळतंय बाळंतपनातलं? लगीन तरी केलंस का?"

"लगीन न्हाई केलं," गुंडा म्हणाला. "पर आय मला बी हुतीच की."

गुंडाची आई तो चालायला लागायच्या आत गेली होती. अंबूबाईंनी या दिराला कडेवर घेऊन वाढवलं होतं. घरातले दोन्ही गडी त्या बाजूला गेले होते, आणि तेही भांडून नव्हे, शरमेनं.

राहीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "शालनला इचारलं का कुनी?"

सगळ्यांच्या माना चौकटीकडं वळल्या. चौकट रिकामी होती.

---

शालन न्हाणीच्या मागं होती. हिरवं लुगडं चिखलात टेकलं होतं, डोक्यातली मोगऱ्याची वाडी एका बाजूला कलली होती. ती उकिडवं बसून कोरफडीच्या बुडाशी माती उकरत होती. रडत नव्हती, पण नुकतीच रडून झाली होती.

"उठ आदी," अंबूबाई धावल्या. "ह्या दिसांत आसं वाकू नी."

राहीबाई मागून आल्या. त्यांनी कोरफडीकडं बघितलं, मग शेणखताकडं, मग पाटाकडं. खाली बसल्या, कोरफडीला बुडात धरलं आणि उचलली. ती मुळासकट न येता नुसतीच वर आली. मुळं मातीतच कुजून राहिली होती.

अंबूबाईंना वाटलं, आता ही बाई बोलणार, आणि बोलली तर चार शब्द ऐकून घ्यायचे. पण राहीबाईंनी चिखलाचा गोळा बोटांनी दाबून पाणी काढलं आणि त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं.

"इहीनबाई, हिला उसाच्या सरीत लावली व्हय?"

"आत्तींनी लय जपली, आये," शालन पटकन म्हणाली. "रोज सोता पानी घालायच्या. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई."

सुनेनं आपली बाजू घ्यावी, तीही चिखलात बसून, हे अंबूबाईंना राहीबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. "आगं पर मला बोलायचं न्हाईस का?" त्या म्हणाल्या. "घरात काय वाघ हाय का मी?"

"बोलले हुते," शालन म्हणाली. "एकदा."

तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली आणि अंबूबाईंना सुटल्यासारखं झालं. "धारंची येळ झाली," असं म्हणून त्या तिथून निघाल्या. धारेला अजून अवकाश होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

गोठ्याच्या दारात येऊन त्या थांबल्या. डोळे पुसायला पदर वर केला, आणि तसंच त्यांचं लक्ष वर गेलं.

दाराच्या चौकटीला, लाल चिंधीनं बांधलेली, मुळं वर आणि शेंडा खाली अशी एक कोरफड लोंबत होती. त्यांनीच बांधली होती. कोरफड घमेल्यातून काढून न्हाणीमागं लावताना तिच्या बुडाचं एक पिल्लू मोडून हातात आलं होतं. त्याच आठवड्यात नवी म्हैस आली होती, म्हणून सगळे बांधतात तसं तिला नजर लागू नये म्हणून त्यांनी ते पिल्लू दारावर टांगलं आणि विसरून गेल्या. माती नाही, पाणी नाही, वर पत्रा तापलेला. दीड वर्षात त्याच्याकडं कुणी मान वर करूनही बघितलं नव्हतं.

आणि ते हिरवं होतं. न्हाणीमागच्या आईसारखं फुगलेलं नव्हतं, बारीक होतं, पानं कडक. पण हिरवंगार. शेंडा खाली लोंबायचा सोडून वळून पुन्हा वर उजेडाकडं गेला होता, आणि चिंधीच्या गाठीतून बोटभर नवं पांढरं मूळ बाहेर आलं होतं.

अंबूबाईंना शालनचं मघाचं बोलणं आठवलं. एकदा बोलले, असं ती म्हणाली होती. एकदा नव्हे, दोनदा. एकदा कोरफडीचं आणि एकदा स्वतःचं. आणि दोन्ही वेळा आपण तिला तेच एक वाक्य ऐकवलं. आमच्याकडं कशाला काय कमी हाय. पोरीनं कमी आहे असं म्हटलंच नव्हतं. तिनं दुसरंच काहीतरी सांगितलं होतं, आणि ते आपण ऐकलं नाही. अंबूबाईंना आपलाच राग आला, मग हसू आलं, मग परत डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी गव्हाणीवर पाय देऊन चिंधी सोडली.

---

सोप्यात शालनचे पाय राहीबाई पुसत होत्या. अंबूबाई पदरात काहीतरी घेऊन आल्या आणि ते राहीबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"ही तिचीच लेक," त्या म्हणाल्या. "गोठ्याच्या दारावर टांगल्याली. हिला मी काय बी दिलं न्हाई."

राहीबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली, नव्या मुळाला बोट लावलं. "झ्याक हाय की. कशी जगली म्हनं?"

"मी हिला इसरले म्हनून जगली," अंबूबाई म्हणाल्या. "आता माज्या सुनंला बी इसरू का?"

"इसराया कुनी सांगितलंय?" राहीबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच विहिणीचा हात धरला. "रोज जाऊन बगायचं. हात लावून बगायचा. नुसतं वतायचं न्हाई."

कुणी काही बोलायच्या आत अंबूबाईंनी नाक पुसलं आणि हंबीररावांकडं वळल्या. "आवं, बसलाय काय? भावकीतल्या भाऊसोला सांगून या. सकाळी त्याची जीप पायजे. माजी सून एस्टीच्या धक्क्यानं न्हाई जायची आटपाडीला."

शालन उठली, पण अंबूबाईंनी तिला खूण करून बसवलं. त्यांचं बोलायचं अजून राहिलं होतं, आणि आता थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता.

"पान्याची काळजी हुती, ती खरी," त्या राहीबाईंना म्हणाल्या. "खोटं न्हाई बोलले. पर त्याच्या म्होरं बी हुतं. ही गेली की माज्याशी बोलाया कोन हाय ह्या घरात? ही दोगं भाऊ उसाबिगर बोलत न्हाईत. म्या पयल्यापास्नं एकलीच हाय हितं."

हंबीरराव आणि गुंडा दोघंही घोंगड्याची दशी बघत राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडलं होतं.

"मग तुमी बी या," राहीबाई म्हणाल्या. "पाचवीला या, म्हैनाभर ऱ्हावा. माज्या घरात बी दुसरं बाईमानूस न्हाई. शेक-शेगडी मी करीन, पोर तुमी घ्या."

"तिथं पानी कमी, आन त्यात मी आनकी एक तोंड."

"आरद्या तांब्यात पाय धुवाया शिकवीन की," राहीबाई म्हणाल्या. नानासो आधी हसले, मग सगळीच हसली, आणि शालन आत्तींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसता हसता रडली.

"माज्या धारा कोन काढंल तवर?" अंबूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं.

"मी काढीन, वैनी," गुंडा म्हणाला. "तुमी जावा."

सांजेला शालननं जुनं फुटकं घमेलं शोधून काढलं. त्यात कोंबडी अंड्यावर बसली होती, तिला उठवताना गुंडाला दोन टोची खाव्या लागल्या. नानासोंनी रस्त्याच्या कामावरच्या ढिगातून मुरूम आणला. राहीबाईंनी न्हाणीमागच्या आईचा कुजका भाग विळीनं कापून टाकला, चांगलं तेवढं ठेवलं आणि वाळायला म्हणून गोठ्याच्या दारावर त्याच लाल चिंधीनं उलटं टांगलं. घमेल्यात शालननं पिल्लू लावलं, माती दाबली आणि ते अंगणात उन्हाच्या कोपऱ्यात ठेवलं. वर एक थेंबही घातला नाही. अंबूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचा हात दोनदा कळशीकडं गेला आणि दोनदा मागं आला.

सकाळी जीप दारात लागली. ट्रंक चढली, लाडवांचा डबा चढला, मग आणखी एक डबा. शालन पाया पडली आणि अंबूबाईंनी तिला उठवून धरलं. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

"कोरफडीला पानी कवा घालू?"

शालननं अंगणातल्या घमेल्याकडं बघितलं, मग सासूकडं. "तुमी नगा घालू, आत्ती. मी आल्यावर घालीन."

अंबूबाईंनी नुसती मान हलवली, आणि जीप वळणाआड गेली तरी हलवत राहिल्या.

माघारी अंगणात आल्या तर हंबीरराव दाढी उरकून, हातात मग घेऊन, गुंडाशी बोलत बोलत घमेल्याकडं निघाले होते. अंबूबाईंनी पुढं होऊन त्यांच्या हातातला मग काढून घेतला.

"आवं, तिकडं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती यायची हाय घालाया."

आणि ते पाणी त्यांनी केळीला घातलं.